मणक्याची इजा : व्यायामाला स्पर्शाची जोड द्या

आपल्या हरसूल भागात कुणी आंब्याच्या झाडावरून पडतो, कुणी घराची कौले चाळताना पडतो. पावसाळा सरल्यावर नाशिकला बिगारीला गेलेला कुणी परांचीवरून पडतो. मणक्याला मार लागतो आणि पाय लुळे पडतात. ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो. मग घरचे म्हणतात, "नशिबात होतं ते झालं," आणि त्याला खाटेवर निजवून ठेवतात. खरे तर पुढचे काम इथूनच सुरू व्हायला हवे.

मणक्यांच्या आत मज्जारज्जू असतो. मेंदूचा हुकूम या वाटेने पायांकडे जातो आणि पायांना झालेल्या स्पर्शाची खबर याच वाटेने मेंदूकडे येते. इजेने ही वाट तुटते. पण पुष्कळ रुग्णांमध्ये ती पूर्ण तुटलेली नसते. काही धागे शाबूत राहतात. त्यांना कामाला लावणे म्हणजेच पुनर्वसन.

नुसते पाय हलवल्याने सांधे आखडत नाहीत, हा फायदा आहेच. पण हालचालीच्या वेळीच कातडीला स्पर्श झाला आणि रुग्णाने स्वतःही जोर लावला, तर वरून येणारा हुकूम आणि खालून जाणारी खबर एकत्र येतात. हे रोज घडत राहिले की उरलेली जोडणी बळकट होऊ शकते.

2024 साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात याविषयीचा अभ्यास आला. मानेच्या इजेने हात अधू झालेल्या रुग्णांना आधी दोन महिने फक्त व्यायाम दिला. नंतर दोन महिने व्यायामासोबत मानेच्या कातडीवरून यंत्राने सौम्य विद्युत उत्तेजना दिली. तेव्हा 60 पैकी 43 जणांच्या हाताची ताकद आणि हाताने होणारी कामे, दोन्ही सुधारली. ते यंत्र खास होते. बाजारातले कुठलेही करंटचे यंत्र घरी लावू नका.

घरी काय करता येईल? (आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.)

- पाय हलवताना तळव्यावरून मऊ कापड, मग टॉवेल हलकेच फिरवा. रुग्णाने पायाकडे पाहावे आणि तो उचलण्याचा मनापासून प्रयत्न करावा.
- रुग्णाला डोळे मिटायला सांगा. अंगठा वर केला की खाली, कोणत्या बोटाला हात लावला, हे विचारा.
- बसवल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकवा आणि गुडघ्यांवरून हलका दाब द्या.
- एकदम खूप करण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा वेळ करा.

हे सांभाळा : बधिर कातडीला चटका कळत नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी, शेक, जोराची मालीश टाळा. झोपून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा रोज पाहा. मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असेल आणि अचानक डोके ठणकले, घाम सुटला, तर रुग्णाला लगेच बसते करा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा आणि दवाखाना गाठा.

सगळेच पुन्हा चालू लागतील असे नाही. पण स्वतः बसणे, कूस बदलणे, घास तोंडात घालणे हेही मोठे यश आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

गंडादोरा, भगत यांत दिवस घालवू नका. हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयातून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मागा, तिथे फिजिओथेरपीची आणि दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. मुंबईत हाजी अली येथे 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. घरातल्या एकाने तरी व्यायाम नीट शिकून घ्यावा, कारण रोजचा उपचार घरच्यांच्याच हातून होणार आहे.