रंध्याची पाटी : जोडातील फट टाळणारे घरचे साधन

सुतारकाम, फर्निचर आणि फ्रेम या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. आमचा धंदा कापडाचा. परंतु काउंटर, कपाटे आणि खण यांच्या निमित्ताने सुतारांशी आमचा नेहमी संबंध येतो. कापड थोडे तिरके कापले गेले तर शिंपी ओढूनताणून सांभाळून घेतो. लाकडात ती सोय नाही. जोडात फट राहिली की गिऱ्हाइकाची नजर प्रथम तिथेच जाते. मग सागवान कितीही उत्तम असो, भाव पडतो. ही फट टाळण्याचे एक स्वस्त साधन कारागिराला स्वतःच बनवता येते. इंग्रजीत त्याला शूटिंग बोर्ड म्हणतात. फळीची कड रंध्याने सरळ करणे याला तिकडच्या सुतारांचा जुना शब्द ‘शूट करणे’ असा आहे, त्यावरून हे नाव पडले. आपण त्याला रंध्याची पाटी म्हणू.

गरज का पडते?

करवतीने कापलेले फळीचे टोक खडबडीत असते आणि बहुधा किंचित तिरकेही असते. ते शिकंज्यात धरून वरून रंधा मारला तर दोन अडचणी येतात. एक, रंधा डुलतो आणि काटकोन जातो. दुसरी, टोकाकडे लाकडाचे रेषे उभे कापले जातात, त्यामुळे पलीकडच्या कडेचा टवका उडतो. पाटीवर रंधा आडवा, म्हणजे कुशीवर ठेवून चालवतात. त्याला चालण्याचा मार्ग ठरलेला असतो आणि लाकडाला मागून आधार असतो. दोन्ही अडचणी एकदम मिटतात.

पाटी कशी बनवावी?

पाऊण इंच जाडीच्या प्लायचा दोन फूट लांब व एक फूट रुंद तुकडा खाली घ्यावा. त्यावर तेवढ्याच लांबीचा, परंतु रुंदीला तीन इंच कमी असा अर्धा इंच जाडीचा तुकडा बसवावा. उजव्या बाजूस जी तीन इंचांची वाट उरते, तिच्यावर रंधा चालतो. डावखुऱ्याने ही वाट डावीकडे ठेवावी. वरच्या तुकड्यावर, पुढच्या टोकाजवळ, कठीण लाकडाची पट्टी आडवी लावावी. हा अडसर. तो वाटेच्या कडेशी बरोबर काटकोनात हवा, कारण पाटीची सगळी किंमत या एका कोनात आहे. अडसर सरसाने चिकटवू नये, स्क्रूने लावावा, म्हणजे पुढे दुरुस्त करता येतो. पाटीच्या खाली, आपल्याकडच्या कडेला एक पट्टी ठोकावी. ती टेबलाच्या कडेला अडकते आणि पाटी पुढे सरकत नाही. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांनी पाटीचे पुढचे टोक भिंतीला किंवा ठोकून बसवलेल्या ठोकळ्याला टेकवावे.

वापरण्याची रीत

रंध्याचे पाते चांगले पाजळलेले हवे. बोथट पाते टोकाचे रेषे कापत नाही, चिरडते. रंध्याची कूस तळाशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून पाहावे. लाकडी रंध्याच्या बाबतीत ही तपासणी चुकवू नये. वाटेवर थोडे मेण घासावे.

लाकूड डाव्या हाताने अडसराशी घट्ट धरावे आणि त्याचे टोक केसभर बाहेर ठेवावे. उजव्या हाताने रंधा खाली आणि पाटीच्या कडेकडे दाबत पुढे न्यावा. छिलका पातळ निघाला पाहिजे. दोन-तीन हात मारून झाले की लाकूड पुन्हा केसभर पुढे सरकवावे. अडसराचे टोक झिजलेले असेल तर लाकडाची मागची कड आधी पटाशीने थोडी मारून घ्यावी, टवका उडणार नाही.

काटकोनाची परीक्षा

समान रुंदीच्या दोन पट्ट्यांची टोके पाटीवर छाटावीत. मग त्यांपैकी एक पट्टी उलटी करून दोन्ही टोके एकमेकांना भिडवावीत. दोन्ही पट्ट्यांची जी कड अडसराला टेकली होती, तीच कड सरळ पट्टीला टेकलेली हवी. अडसर चुकला असेल तर चूक दुप्पट होऊन फटीच्या रूपाने दिसते. चूक अगदी बारीक असेल तर लाकूड आणि अडसर यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवूनही काम भागते.

फ्रेमचा हिशेब

चौकोनी फ्रेमला चार कोपरे, म्हणजे ४५ अंशांचे आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला फक्त अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची चूक जमा होते. पट्टी दोन इंच रुंद असेल तर तिथे सुमारे दीड सुताची फट पडते. पुट्टीने ती भरली तरी लपत नाही. यासाठी पाटीवर ४५ अंशांचा वेगळा अडसर लावावा. समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींना भिडवून त्यांची लांबी सारखी असल्याची खात्री करावी. कोन बरोबर असला, परंतु लांबी कमी-जास्त झाली, तरीही फ्रेम बंद होत नाही.

यंत्र असताना पाटी कशाला?

शंभर फ्रेमचे काम असेल तर विजेची करवत हवीच. वेगाच्या बाबतीत पाटी तिची बरोबरी करू शकत नाही. परंतु दोन-तीन इंचांचा तुकडा फिरत्या पात्याजवळ हाताने धरणे म्हणजे बोटांशी खेळ आहे. असे बारीक तुकडे पाटीवर निर्धास्तपणे छाटता येतात. शिवाय यंत्र कागदाच्या जाडीइतके लाकूड सहजासहजी काढत नाही, रंधा काढतो. नव्याने दुकान थाटणाऱ्या कारागिराने लगेच कर्ज काढून यंत्र आणण्याची घाई करू नये. प्लायचे उरलेले दोन तुकडे, थोडे स्क्रू आणि एक दिवसाची मेहनत, एवढ्या भांडवलावर जोड बंद होतो. ज्याचे जोड बंद होतात, त्याला कामासाठी दारोदार फिरावे लागत नाही. शागीर्दांनाही पहिल्या महिन्यातच ही पाटी बनवायला लावावी. पाटी बनवताना गुण्या, करवत आणि रंधा या तिन्हींवर हात बसतो.