गोंधळातली झील आणि दिवटी

समूहगायन म्हटलं की आपल्याला चर्चमधला कॉयर आठवतो. पण तुळजापुरात भवानीच्या दारी आपला वाद्यवृंद उभाच आहे की! नायक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. संबळ हे जोडवाद्य, एक खर्जातलं, एक चढं. तुणतुण्याची एकच तार सूर सोडत नाही. आधी गावोगावच्या देवांना बोलावणं जातं, त्यामुळे एका घरच्या लग्नाचा गोंधळ साऱ्या मुलखाचा होतो. मधे तेवते ती दिवटी. तिच्या ज्योतीला गोंधळी देवीच मानतात, बरं का. म्हणून रंगमंचावर झगझगीत दिव्यांखाली कोणी न पेटवलेली दिवटी नुसती हातात धरली, की आम्हाला खटकतं. झील तीच, संबळ तोच, पण जिच्यासाठी गायचं तीच तिथे नाही. आयोजकांना आगीची भीती असते, खरंय. मग कोपऱ्यात तेलाची एक पणती तरी लावा, असं आम्ही त्यांना सांगतो.