पितळेच्या गावात सिंफनी

भाऊबीज उलटली की साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांत गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार रंगते, रात्री झाडीपट्टीचे नाटक उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. आईच्या मांडीवर पेंगणारे पोरही इथे नकळत बरेच शिकते. नटाने पद सुरू केले की ऑर्गनवाला त्याच्या सुरामागे जातो, तबलजी सम राखतो, ऑक्टोपॅडवाला प्रसंग उचलून धरतो. अनेकांनी एकमेकांकडे कान ठेवून एक संगीत उभे करायचे, ही वाद्यवृंदाची पहिली अट या मुलांच्या ओळखीची आहे. तरीही सिंफनी म्हटले की ती मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांची गोष्ट, असे आपण धरून चालतो. हा समज मोडायला हवा. तो मोडण्याची साधने भंडारा जिल्ह्यातच आहेत.

मुंबई, गोवा आणि ‘सैराट’

महाराष्ट्रात या संगीताचा इतिहास जुना आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबिन १९३६ चा. घरातच हे संगीत ऐकत वाढलेला हा मुलगा पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक झाला. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत खुशरू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. तिथे मुलांसाठी संगीत अकादमीही चालते. मात्र वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून मुंबई नऊशे किलोमीटरच्या आसपास पडते. हे अंतर किती मुलांना परवडणार?

गोव्याने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. चर्चच्या शाळांत साध्या घरांतली मुले स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद बऱ्याच अंशी याच मुलांनी उभे केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे हे गुरू. अलीकडे, २००९ पासून, डॉ. लुईस डायस यांची चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था गोव्यात वंचित मुलांना वाद्ये शिकवते आहे.

आणि २०१६ चा ‘सैराट’ आठवा. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. ‘याड लागलं’ मधली व्हायोलिनची लाट लाखांदूरच्या पानठेल्यावरही वाजली, आणि ती कुणाला परकी वाटली नाही. कान तयारच आहेत. कमी आहे ती ओळख करून देणाऱ्याची.

जवळचा धडा: मैहर

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात शंभर वर्षांपूर्वी एक विलक्षण प्रयोग झाला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहर संस्थानात एकत्र केले, त्यांच्या हाती वाद्ये दिली आणि मैहर बँड घडवला. त्यात सतारीबरोबर व्हायोलिन आणि चेलो होते, बंदुकीच्या नळ्यांपासून केलेला नलतरंगही होता. खाँसाहेब स्वतः तरुणपणी कोलकात्यात लोबो नावाच्या बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले होते. एका बँडमास्तराची विद्या पुढे अनाथ मुलांच्या वाद्यवृंदात अशी फळाला आली.

आपले बँडमास्तर, आपले पितळ

असे बँडमास्तर आपल्याकडेही आहेत. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम वाजतात, ती सगळी पाश्चात्त्य बँडची वाद्ये. रोवणी आटोपल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नसराई नसते आणि शाळा मात्र भरात असते. या काळात जिल्हा परिषदेच्या शाळांनी बँडवाल्यांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे.

भंडारा तर पितळी भांड्यांचे गाव. घागर घडवणारी ही मिश्रधातू, तांबे आणि जस्त, ट्रम्पेटचीही आहे, हे मुलांना हातात देऊन सांगता येते. ओठांच्या थरथरीने नळीतली हवा कंप पावते आणि नळी जितकी लांब तितका सूर खालचा. ट्रम्पेटची वेटाळलेली नळी सरळ केली तर दीड मीटरच्या आसपास भरते, मोठ्या ट्यूबाची साडेपाच मीटरच्या. विज्ञानाचा तास आणि संगीताचा तास इथे एकच होतो.

काय ऐकवावे

प्रोकोफिएव्ह यांनी १९३६ मध्ये मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी ‘पीटर अँड द वुल्फ’ रचले. त्यात पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बासून आणि लांडगा म्हणजे तीन हॉर्न. जेमतेम अर्ध्या तासाची रचना, आणि गोष्ट सांगायला निवेदक. ते निवेदन झाडीपट्टीच्या एखाद्या कसलेल्या नटाने झाडीबोलीत करावे. कोका अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या मुलांना जनावराची चाहूल काय असते हे शिकवावे लागत नाही. हॉर्न वाजताच ती सावरून बसतील.

त्यानंतर सेंट-सान्स यांचे १८८६ चे ‘कार्निव्हल ऑफ द अॅनिमल्स’, ज्यात हत्ती डबल बासवर डुलतो आणि राजहंस चेलोवर तरंगतो. मग ब्रिटन यांची १९४५ ची रचना, जी पर्सेल यांच्या जुन्या सुरावटीवरून वाद्यांचे एकेक घराणे वेगळे ऐकवते आणि शेवटी सगळ्यांना एकत्र आणते. क्रम मात्र ठरलेला असावा: आधी बँडमास्तरांचे क्लॅरिनेट समोर ऐकायचे, हाताळायचे, मगच स्पीकरवर मांजर ऐकायचे.

पहिल्या वर्षी वादक घडवण्याचा हट्ट नको. कान घडले तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ऑर्गन आणि ढोलकी घेऊन मुलांचा छोटा वाद्यवृंद उभा राहू शकतो, आणि दंडारीच्या चालींवर त्याच्यासाठी नव्या रचना बांधता येतात. यात आपले संगीत हरवण्याची भीती बाळगू नये. ज्या मुलाने बीथोव्हेन लक्ष देऊन ऐकला, तेच मूल दंडारीतले बारकावेही अधिक लक्ष देऊन ऐकेल. आणि ज्या बँडवाल्याला आपण वरातीत फक्त घाई करायला सांगतो, तो शाळेत गुरुजी म्हणून उभा राहील. ही दोन्ही कामे एका खर्चात होणार असतील, तर जिल्ह्याने ती येत्या शाळावर्षापासून हाती घ्यावीत.