खेकडीच्या वंशाची कैफियत

जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्यापासून कोकणचा किनारा साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि तालुक्यात पडणारे पावसाचे पाणी त्या किनाऱ्याकडे पाठ फिरवून पूर्णेला व पूर्णेतून गोदावरीला मिळत पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तथापि मृगाच्या सरी बरसून ओढ्यांना पाणी आले, की काळ्या रानातल्या बांधांवर, विहिरींच्या कडेला आणि पाझर तलावांच्या भरावांवर, जे समुद्राचेच रहिवासी म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले असतात ते खेकडे रात्री बिळांतून बाहेर पडून असे निर्धास्त हिंडू लागतात, की हा मुलूख पिढ्यानपिढ्या त्यांच्याच वहिवाटीत असावा. एका अर्थी तो तसा आहेही. प्रश्न इतकाच, की ज्या जातीच्या पूर्वजांचे सारे बालपण खाऱ्या पाण्यात तरंगत गेले, तिने समुद्राशी संबंध तोडल्यावर आपला वंश चालविला कसा? याचे उत्तर नीट कळावयाचे तर आधी थंड प्रदेशातील सागरतीरावर, त्या पूर्वजांची रीत अद्याप पाळणाऱ्या भाऊबंदांकडे जाणे इष्ट होय.

युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर, ओहोटीने उघड्या पडणाऱ्या दगडांखाली व शेवाळात हिरवट रंगाचा एक लहान खेकडा विपुल आढळतो; प्राणिशास्त्रात त्याचे नाव कार्सिनस मीनास असे आहे. त्याची मादी मीलनास योग्य होते ती कात टाकल्यानंतरच्या अल्प अवधीत, जेव्हा तिचे नवे कवच अजून मऊ असते. ही घटिका हुकू नये म्हणून नर तिला आधीपासूनच आपल्या पायांत धरून वाहत राहतो, आणि मीलनानंतरही ते कवच टणक होईपर्यंत पुष्कळदा तिचे रक्षण करतो. नराकडून मिळालेले बीज मादी शरीरातील एका पिशवीत महिनोन्‌महिने साठवू शकते. पुढे अंडी बाहेर येताना ती या बीजाने फलित होतात आणि पोटाखाली दुमडलेल्या उदराच्या पट्ट्यात, तेथील केसाळ उपांगांना चिकटून, त्यांचा दाट पुंजका तयार होतो. एका खेपेची ही अंडी १,८५,००० पर्यंत असू शकतात, आणि एकेक अंडे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते.

गर्भाच्या वाढीचा वेग पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असतो. उबदार पाण्यात काही आठवड्यांत उरकणारे हे काम हिवाळ्याच्या गारठ्यात महिनोन्‌महिने लांबते, आणि उत्तरेकडील शून्य अंशालगतच्या पाण्यात राहणाऱ्या हिमखेकड्याच्या मादीला तर अंड्यांचा तोच भार वर्षभर, क्वचित दोन वर्षेसुद्धा, वाहावा लागतो. या सबंध काळात ती अंड्यांना ताजे पाणी मिळावे म्हणून त्यांना सतत हलवीत राहते. परंतु अंडी फुटताच तिची जबाबदारी संपते. बाहेर पडणारा जीव खेकड्यासारखा मुळीच दिसत नाही. मोठाले डोळे, पाठीवर एक लांब काटा आणि मागे वळवळणारी शेपटी असा तो सूक्ष्म प्राणी प्रवाहाबरोबर खोल समुद्रात वाहत जातो. ‘झोईया’ नावाच्या या अवस्थेत चार वेळा कात टाकून तो ‘मेगालोपा’ बनतो, भरतीच्या आधाराने किनाऱ्याकडे परततो आणि तळाशी बसून पुन्हा एकदा कात टाकल्यावरच प्रथम खेकड्याचे रूप धारण करतो. तोपर्यंत त्याच्या बहुतेक भावंडांना माशांनी गिळलेले असते. समुद्रातील वंशवृद्धीचा शिरस्ताच असा आहे, की प्रत्येकाला फार थोडे द्यावयाचे आणि संख्येवर भिस्त ठेवावयाची.

हे रूपांतर विद्वानांच्या गळी उतरवणेही सोपे गेले नाही. १८०२ साली बॉस्क या फ्रेंच पंडिताने झोईया हा स्वतंत्र प्राणी समजून त्याला वेगळे नाव देऊन टाकले होते. आयर्लंडमधील कॉर्क बंदरात लष्करी वैद्यकखात्याची नोकरी सांभाळून समुद्रातील जीव न्याहाळणाऱ्या जॉन व्हॉन टॉम्सनने ते प्राणी पाळून व खेकडीची अंडी उबवून पाहिली, आणि झोईया म्हणजे खेकड्याचे बालरूपच होय असा निष्कर्ष १८२८ पासून छापावयास आरंभ केला. नामांकित पंडितांनी तो मानला नाही. कीटकशास्त्रज्ञ जे. ओ. वेस्टवुड याने १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका खेकडीचा पुरावा मांडला. तिच्या पोटाखालची पिल्ले सर्वांशी आईसारखीच होती, शेपटी नाही की पाठीवर काटा नाही. मग टॉम्सनचे रूपांतर गेले कोठे?

या वादाचा निकाल असा, की दोघांचेही डोळे धड होते. त्या बेटांवरचे खरे जमीनखेकडे अंडी सोडण्यासाठी समुद्रावर जातात व त्यांची पिल्ले झोईया म्हणूनच जन्मतात, हे आज सर्वमान्य आहे. तेव्हा वेस्टवुडच्या टेबलावर आलेली मादी गोड्या पाण्यातील असावी, हाच तर्क ग्राह्य ठरतो. गंमत पुढेच आहे. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी पाहणी करणारा लष्करी अंमलदार डब्ल्यू. एच. साईक्स याने येथील पशुपक्ष्यांची नोंद करता करता बिळे करून राहणारा एक खेकडाही टिपला होता, आणि १८३६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव देण्याचे काम याच वेस्टवुडकडे आले. ज्या कुळातील प्रत्येक मादी त्याच्या बाजूने साक्ष देण्यास समर्थ होती, त्या कुळातील खेकडा त्याच्या हाती आला तो वाद मांडून झाल्यानंतर!

बॅरिटेलफ्युसा क्युनिक्युलॅरिस हे त्या खेकड्याचे आजचे शास्त्रीय नाव. हा आणि याचे निकटचे भाऊबंद दख्खनच्या पठारावर सर्वदूर पसरलेले आहेत. यांच्या मादीची अंडी शेकड्यांत मोजावी लागतात, लाखांत नव्हे; पण एकेका अंड्याचा व्यास दोन-तीन मिलिमीटर भरतो. व्यास आठपट झाला तर घनफळ पाचशेपट होते हे गणित ध्यानात घेतले, म्हणजे या मातेने प्रत्येक अपत्याबरोबर केवढी शिदोरी बांधून दिली आहे याची कल्पना येते. झोईयासारखा नाजूक जीव ओढ्याच्या गोड्या पाण्यात जगणार नाही, आणि पुराने वाहून गेलाच तर गोदावरीच्या मुखापासून मंठ्यापर्यंत परत चढून येणे त्याला शक्य नाही. म्हणून तरंगण्याच्या त्या सगळ्या अवस्था अंड्याच्या आतच, बलकावर पोसल्या जात, आटोपतात आणि बाहेर येतो तो सर्व पायांनिशी सिद्ध असा इवलासा खेकडा. तोही लगेच आईला सोडून जात नाही. काही दिवस, कधी काही आठवडे, तो भावंडांसह तिच्या पोटाखालच्या रुंद पट्ट्याला बिलगून राहतो.

पट्टा उघडताच ही पिल्ले बाहेर सांडताना ज्यांनी पाहिली, त्यांनी ती आईचे पोट फोडून निघाली असे मानले तर त्यात नवल नाही. ही समजूत फार जुनी आहे. महाभारताच्या विराटपर्वात सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदीला आश्रय देताना सुदेष्णा कचरते, आणि खेकडी जसा आपल्याच मृत्यूसाठी गर्भ धारण करते तसे हे होईल, अशी शंका बोलून दाखवते. उपमा अप्रतिम खरी. खेकडी मात्र मरत नाही. पिल्ले गेल्यावर ती पुन्हा चरू लागते आणि पुढल्या हंगामात पुन्हा अंडी घालू शकते.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास मराठवाड्यातच झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. आर. नागभूषणम् यांच्या प्राणिशास्त्र विभागाने याच खेकड्याला हाती धरले. त्याचे प्रजननचक्र आणि त्याबरोबर बीजग्रंथींमध्ये होणारे रासायनिक बदल यांवरचा नागभूषणम् व ए. डी. दिवाण यांचा प्रबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी अभ्यासकांचे लक्ष विशेष वेधून घेतले होते ते खेकड्याच्या डोळ्यांच्या देठांनी. या देठांत एक ग्रंथी असून तिचा स्राव बीजकोशाच्या वाढीला लगाम घालतो. देठ काढून टाकले की अंडी अवेळी पक्व होऊ लागतात, हे पानूझ या फ्रेंच संशोधकाने १९४३ मध्ये कोळंबीवर दाखवून दिले होते. ओढा कधी वाहील व कधी आटेल याचा नेम नसलेल्या मुलखात अशा लगामाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

शेतकऱ्याची खेकड्याविरुद्ध फिर्याद आहे ती बिळांची. बिळामुळे बांधातून पाणी झिरपते हे खरेच; पण जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली तेव्हा त्याचाही दोष खेकड्यांच्या माथी मारण्याचा उद्योग झाला, तो मात्र कोणाच्याच गळी उतरला नाही. बीळ ही या प्राण्याची चैन नव्हे. वैशाखात जमिनीवर भेगा पडतात तेव्हा खाली ओल सापडेपर्यंत खोदत जाणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.

थोडकी अपत्ये आणि त्यांची काळजी, या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. किनाऱ्यावरचे खेकडे एका खाडीतून नाहीसे झाले तर दुसरीकडची झोईया प्रवाहाने तेथे येऊन पोचतात. ओढ्यातले खेकडे फवारणीच्या विषाने मेले, किंवा पहिल्या पावसात पिल्लांनी जड झालेल्या माद्याच पकडल्या गेल्या, तर ती उणीव भरून काढण्यास बाहेरून कोणी तरंगत येत नाही. सह्याद्रीत एकेका डोंगराला स्वतःची निराळी जात लाभली, आणि तेथून २०१६ मध्ये एकाच निबंधात पाच नव्या जाती नोंदविल्या गेल्या, त्याचेही कारण हेच, की ही प्रजा आपला ओढा सोडून दूर जात नाही. पठारावरच्या खेकड्याला मात्र तेवढी अडचण नाही. झडीच्या दिवसांत सारे रान चिंब झाले असता तो बांध ओलांडून पूर्णेकडच्या नाल्यातून दुधनेकडच्या नाल्यात चालत जाऊ शकतो, आणि मादी असली तर पिल्ले पोटाशी घेऊन जाते.