नुसत्या नेटवर विसंबू नका!

एमएस्सी करताय आणि बायोमेडिकलमध्ये पीएचडीचा विचार आहे? सीएसआयआर-नेट सगळ्यांना ठाऊक असते, जीबिल्स मात्र हमखास राहून जाते. टीआयएफआरच्या या परीक्षेचे गुण बंगळुरूच्या एनसीबीएसप्रमाणे पुण्यातली एनसीसीएसही विचारात घेते. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, म्हणून नेटही द्याच.

खरी कसोटी मुलाखतीत लागते. तिथे पाठांतर चालत नाही, तुमचाच प्रबंध उलगडतात. ‘वेस्टर्न ब्लॉट केला’ म्हणालात की लगेच पुढचा प्रश्न: बीटा-अ‍ॅक्टिन कशाला लावलं? औषधाने त्याचीच पातळी बदलली असती तर? अशा वेळी ‘सरांनी सांगितलं म्हणून’ हे उत्तर देऊ नका, प्लीज! प्रत्येक कंट्रोलचं कारण आधीच वहीत लिहून ठेवा.