काचेत ठेवलेले बाळ

सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाची तयारी घरात सुरू असते. माहेरहून ओटीचे सामान यायचे असते. डिंकाच्या लाडवांना अजून दोन महिने अवकाश आहे, असे सर्वजण धरून चाललेले असतात. आणि एका रात्री ताथवड्याच्या एखाद्या गृहसंकुलातून मोटार रुग्णालयाकडे धावू लागते. सकाळी नातेवाइकांना निरोप जातो तो एवढाच : बाळ झाले, पण काचेत ठेवले आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बालक अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. आईला ते क्षणभर दाखवतात, कधी तेवढेही नाही, आणि अतिदक्षता विभागाचे दार मिटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला घरी सोडतात. ओटी रिकामी, आणि उद्वाहनात भेटणारी प्रत्येक शेजारीण विचारते, ‘मुलगा की मुलगी?’

एका पिढीपूर्वी ताथवडे म्हटले की सरकारी वळूमाता प्रक्षेत्र आठवे. आज तेथे उंच इमारती आहेत. हिंजवडी किंवा चाकणला नोकरीस जाणारी तरुण जोडपी त्यांत राहतात, आणि वडीलधारी मंडळी सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे. बातमी कळताच आजी पहिल्या गाडीने येतात. त्यांच्या पिशवीत हळीव, खारीक, बाळंतशेपा असतो आणि मनात सव्वा महिन्याचा नियम : बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये, कान बांधावेत, शेक घ्यावा, निजून राहावे. या नियमामागे शहाणपण होते. प्रसूतीने थकलेल्या स्त्रीला विश्रांती मिळे आणि बाहेरच्या माणसांचा संसर्ग टळे. मात्र हा नियम बाळ कुशीत असलेल्या आईसाठी घडला होता. ज्या आईचे बाळ चार-सहा किलोमीटरवर काचेत आहे, तिला रुग्णालय दर दोन-तीन तासांनी दूध काढण्यास सांगते. घर म्हणते पड, डॉक्टर म्हणतात या. या दोन आज्ञांच्या मध्ये सापडलेल्या सुनेचे हाल पुरुषमंडळींच्या क्वचितच ध्यानात येतात.

तिच्या दुधाची एवढी निकड का? चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. तोवर दूध नळीने थेट पोटात द्यावे लागते, आरंभी एक-दोन मिलिलीटर. पहिले पिवळसर दूध म्हणजे चीक. कित्येक घरांत तो जड समजून टाकून देत. या बाळांना तो रोगप्रतिकारक म्हणून मोलाचा आहे. वरच्या दुधावर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा घातक विकार अधिक आढळतो. म्हणून यंत्र लावूनही चार थेंबच आले, की आई स्वतःला अपराधी मानू लागते. वास्तविक चिंता, वेदना आणि बाळाचा स्पर्श नसणे यांमुळे आरंभी दूध कमी येणे स्वाभाविकच आहे.

आईला दाराबाहेर ठेवणे हेच चूक आहे, हे महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखले गेले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पाहिले, की बालके जंतुसंसर्गाने दगावत आहेत. बाटल्या आणि भुकटीचे दूध त्यांनी बंद केले आणि बालकांच्या सेवेत मातांनाच सामील करून घेतले. ज्या मातांना दूध पुरेसे येत नव्हते, त्यांच्या बाळांसाठी १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. दाती मातेची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. मोबदला कोणी घेत नाही. पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. आहारदान आणि औषधदान येथे एकाच लहानशा बाटलीत भरलेले असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुधाइतकाच आईच्या अंगाच्या उबेचा उपयोग आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव मिळाले. पुढे भारतासह पाच देशांत, १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेने अभ्यास केला. जन्मल्याबरोबर छातीशी घेतलेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण १२ टक्के, तर प्रकृती स्थिरावल्यावर घेतलेल्या बाळांत १५.७ टक्के आढळले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आईने विभागात बसणे ही कोणी तिला दिलेली सवलत नाही, तो औषधोपचाराचाच भाग आहे. वडील आणि आजीही बाळाला असे छातीशी घेऊ शकतात. आईला दोन तास झोप मिळते ती तेव्हाच.

खर्चाची बाजू घरातल्या कोणीतरी आरंभीच हाती घ्यावी. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बालकावर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार होतात. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, त्याचा विचार कमीपणाचा मानू नये. विमापत्रात नवजात बालकास पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की काही दिवसांनंतर, हे ओटीभरणाआधीच वाचून ठेवलेले बरे. नोकरदार आईच्या २६ आठवड्यांच्या रजेपैकी कित्येक आठवडे रुग्णालयातच संपतात. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आई आजारी असल्यास एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, परंतु अर्ज करणाऱ्या विरळाच.

बाळ घरी आले म्हणजे सुटलो, असे वाटते. पण ३४ आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करावीच लागते. ती चुकली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बारशाच्या गडबडीत हीच तारीख राहून जाते. श्रवणाची तपासणीही अशीच महत्त्वाची.

शिवाय या बाळाला दोन वये असतात. दहा आठवडे आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी त्याची वाढ पाहताना ते दहा आठवडे वजा करायचे असतात. समोरच्या घरातले बाळ पालथे पडू लागले, आपले का नाही, असे कोणी विचारले, की ताथवड्याच्या त्या घरातल्या आजी आता बोटांवर हिशेब करतात आणि शांतपणे सांगतात, ‘आमचे अजून साडेतीन महिन्यांचेच आहे.’