बिडावर चढवलेली काच

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या शेबॉयगन गावी जॉन मायकेल कोहलर हा ऑस्ट्रियात जन्मलेला कारखानदार बिडाची अवजारे ओतून घेत असे. 1883 मध्ये त्याने गुरांना पाणी पाजायची एक डोणी लालबुंद तापवली आणि तिच्यावर एनॅमलची पूड चाळली. त्याच्या सूचीपत्रात या डोणीचे दोन उपयोग होते: जनावरांना पाणी पाजा किंवा कापलेली डुकरे कढत पाण्यात बुडवा. चार पाय लावले, तर अंघोळीलाही चालेल, अशी पुस्ती पुढे होती. पहिला टब एका शेतकऱ्याने एक गाय आणि चौदा कोंबड्या देऊन नेला, अशी त्या कंपनीतली आख्यायिका आहे.

टब त्याआधीही होतेच. क्रीट बेटावरच्या नोसॉसच्या आणि ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यांत भाजक्या मातीचे, तीन हजार वर्षांहून जुने टब सापडले आहेत. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य घरांत तांब्या-जस्ताच्या पत्र्याचे टब लाकडी पेटीत बसवत. पत्र्याला पोचे पडत आणि पेटीत ओल साचे. रोगजंतूंची ओळख पटल्यावर आरोग्यतज्ज्ञांना ही झाकपाक खुपू लागली. चार पायांवर उभा, खालून झाडता-पुसता येणारा टब त्यांना हवा होता. पंजात गोळा धरलेले ते डौलदार पाय अठराव्या शतकातल्या इंग्रजी फर्निचरवरून आले, पण टब जमिनीपासून उचलला तो स्वच्छतेसाठी.

भरलेल्या टबाचा भार पेलायला बीड उत्तम, पण ते गंजते. म्हणून त्यावर काच चढवायची. एनॅमल म्हणजे काचच. गारगोटीची पूड, फेल्स्पार, सोडा आणि टाकणखार वितळवून तो रस पाण्यात ओततात, तडकून झालेले कण दळतात. पांढऱ्या रंगासाठी त्यात कथिलाचे ऑक्साइड घालत. दागिन्यांवरच्या मीनाकामाचे तत्त्वही हेच. इथे मात्र दीडशे किलोंचा दागिना 900 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून भट्टीबाहेर काढायचा, कारागिराने लांब दांड्याच्या चाळणीने पूड भुरभुरवायची आणि तो निवण्याआधी पुन्हा आत सारायचा. असे थरावर थर.

खरी मेख निवताना आहे. दीड मीटर लांबीचा टब या तापमानावरून थंड होताना सुमारे दीड सेंटिमीटर आखडतो. काच तेवढी आखडली नाही, तर बीड तिला आवळते. बिडापेक्षा जास्त आखडली, तर ती ताणली जाते. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही, लगेच तडकते. म्हणून मिश्रण असे जमवतात, की काच बिडापेक्षा किंचित कमी आखडावी आणि कायम दाबाखाली राहावी. शंभर वर्षांनंतरही जुन्या टबाची आतली बाजू चकाकते, ती या आवळण्यामुळे.

बिडाचा टब पाणी गरम ठेवतो, ही ख्याती मात्र अर्धीच खरी. वजनाला वजन धरले, तर बिडाची उष्णता साठवण्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाची. 20 अंशांच्या दीडशे किलो टबात 42 अंशांचे दीडशे लिटर पाणी ओतले, तर टब स्वतः तापताना पाणी दोनेक अंशांनी निवते. त्यानंतर टब हळूहळू थंड होतो, म्हणून अंगाला ऊब जाणवत राहते. पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफेवाटे जाणारी उष्णता मात्र तो अडवू शकत नाही.

युरोप-अमेरिकेत जुन्या सामानाच्या दुकानांत हे टब आजही हौसेने घेतले जातात. अनेकांच्या पोटाखाली कारखान्याचे नाव आणि ओतल्याची तारीख उठवलेली असते. जाणकार आधी आतला थर पाहतात. आम्लयुक्त साफसफाईने तो खरवडला गेला असेल, तर मळ धरतो. शिवाय काही जुन्या एनॅमलमध्ये शिसे असते आणि झिजलेल्या थरातून ते पाण्यात उतरू शकते, म्हणून तपासणी करून घेणे बरे. ‘रीग्लेझिंग’ म्हणून घरी येऊन जो लेप देतात, तो रंग असतो. भट्टीत वितळून बिडाला जखडलेली काच नव्हे. पंजे नवे ओतून मिळतात. घासाघीस करायची असेल, तर ती आतल्या काचेवरून करावी.